केंद्रातल्या सगळ्या शाळांसाठी एकच फाइल : अटॅचमेंटशिवाय कागदपत्रे वापरण्याची रीत

केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या, दहा-बारा शाळांनी मिळून एक प्रश्नपत्रिका करायची ठरवली, की काम सोपे व्हायला हवे. प्रत्यक्षात एक मॅडम वर्डची फाइल ईमेलला जोडून पाठवतात. दोघे आपापल्या प्रतीत दुरुस्त्या करून परत पाठवतात, तिसरे सर मूळ फाइलच व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकतात, आणि झेरॉक्सच्या दुकानात पोचते ती कोणतीतरी मधलीच प्रत. पाचव्या प्रश्नाला उपप्रश्न तीन की चार, हे परीक्षेच्या दिवशी वर्गात कळते. यात दोष कोणाचाच नसतो. अटॅचमेंट पाठवली की तिची दुसरी प्रत तयार होते, आणि त्या क्षणापासून दोन्ही प्रती वेगवेगळ्या वाटेने जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेली फाइलही अटॅचमेंटच असते, हे आपण विसरतो.

उपाय असा, की फाइल एकाच जागी ठेवायची आणि लोकांना तिचा पत्ता, म्हणजे लिंक, द्यायची. हे बहुतेकांना ठाऊक असते, काहींनी करूनही पाहिलेले असते. तरी ते सहा महिन्यांत मोडते, कारण फाइल कोणाच्या नावावर आहे, ती कोण उघडू शकतो आणि त्या शिक्षकाची बदली झाली तर तिचे काय होणार, हे तीन प्रश्न सुरुवातीला कोणी सोडवलेले नसतात. म्हणून मी आधी त्यांनाच हात घालतो. उदाहरणे गूगल ड्राइव्हची, म्हणजे इंटरनेटवर फाइली ठेवण्याच्या गूगलच्या सोयीची, आहेत, कारण जवळजवळ प्रत्येक शिक्षकाच्या अँड्रॉइड फोनमध्ये जीमेलचे खाते आधीच असते. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हवरही रीत साधारण हीच आहे, फक्त तिथे फुकट मिळणारी जागा ५ जीबी आहे आणि गूगलवर १५ जीबी.

पहिली पायरी : फाइल कोणाच्या नावावर?

ड्राइव्हमध्ये प्रत्येक फाइलला एकच मालक असतो. ज्याने ती तयार केली किंवा चढवली, तो मालक. तुम्ही केंद्राचे एक फोल्डर उघडले आणि त्यात सुरगाण्याच्या एका सरांनी फाइल चढवली, तर फोल्डर तुमचे असले तरी ती फाइल सरांचीच राहते. जागाही त्यांच्याच १५ जीबीतून जाते. उद्या त्यांनी आपले ड्राइव्ह साफ करताना ती पुसली, तर सगळ्यांकडूनच जाते. पुसलेली फाइल ३० दिवस ट्रॅशमध्ये असते, पण मालकाच्या ट्रॅशमध्ये, तुमच्या नाही.

यावर दोन मार्ग आहेत. तुमची शाळा किंवा महाविद्यालय एखाद्या संस्थेचे असेल आणि संस्थेला स्वतःचे डोमेन (संकेतस्थळाचे स्वतःचे नाव) असेल, तर ‘गूगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशन फंडामेंटल्स’ पात्र शिक्षणसंस्थांना विनामूल्य मिळते. त्यात ‘शेअर्ड ड्राइव्ह’ नावाची सोय आहे आणि तिच्यातल्या फाइली व्यक्तीच्या नावावर नसून संस्थेच्या नावावर असतात. शिक्षक गेला तरी फाइल जागच्या जागी राहते. नाशिकमधल्या मोठ्या संस्थांनी हाच मार्ग धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. संगणक विभागातल्या एका माणसाला नीट बसवून अर्ज करायला लावा.

जिल्हा परिषदेच्या शाळांना किंवा एखाद्या केंद्राला हे लगेच जमत नाही. त्यांनी केंद्राच्या नावाने एक वेगळे जीमेल खाते काढावे. कोणाचे वैयक्तिक खाते वापरू नये, मग तो माणूस कितीही उत्साही असो. खाते काढल्यावर त्याच बैठकीत पुढची कामे उरकावीत:

१. पासवर्ड केंद्रप्रमुख आणि आणखी एक मुख्याध्यापक, अशा दोघांकडेच ठेवावा.
२. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरचा कोडही मागणारी सोय, सुरू करावी. त्यातच ‘बॅकअप कोड्स’ मिळतात, एका वेळी दहा. ते छापून बंद पाकिटात केंद्रशाळेच्या कपाटात ठेवावेत. ज्यांच्या फोनवर ओटीपी येतो त्यांची बदली झाली, तर खाते उघडण्याचा हाच रस्ता उरतो.
३. रिकव्हरीसाठी, म्हणजे खाते परत मिळवण्यासाठी, दिलेला फोन नंबर दर जूनमध्ये तपासावा.

खाते दोन वर्षे कोणीच उघडले नाही, तर गूगल ते बंद करून आतला मजकूर पुसू शकते. वापर चालू असेल तर ही वेळ येत नाही, पण एखाद्या जुन्या प्रकल्पाचे खाते विसरले जाते, म्हणून सांगून ठेवतो.

महत्त्वाची फाइल या केंद्र-खात्यातूनच तयार करावी. शिक्षकाने स्वतःच्या खात्यातून केलेली फाइल कायम ठेवायची असेल, तर त्या शिक्षकाने शेअरच्या चौकटीत केंद्र-खात्याच्या नावासमोर ‘ट्रान्सफर ओनरशिप’ निवडावे आणि केंद्र-खात्यातून ती विनंती स्वीकारावी. फोल्डरची मालकी बदलल्याने आतल्या फाइलींची बदलत नाही. त्या एकेक कराव्या लागतात. कंटाळवाणे आहे, पण वर्षातून एकदाच करायचे आहे.

दुसरी पायरी : फोल्डर

वर्ष, मग इयत्ता, मग विषय. यापेक्षा खोल जाऊ नये, फोनवर शोधताना माणूस हरवतो. फाइलच्या नावात आधी इयत्ता, नंतर विषय, शेवटी काय आहे ते: ‘इ ४ थी – परिसर अभ्यास – संविधान तक्ता – सत्र १’. नावात ‘फायनल’ किंवा ‘नवीन’ असले शब्द नकोत. फाइल एकच आहे, त्यामुळे ती नेहमीच ताजी असते.

तिसरी पायरी : जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणे

इथे बहुतेक गट अडकतात, म्हणून जरा थांबू. युनिकोड म्हणजे कोणत्याही फोनवर किंवा संगणकावर मराठी मराठीच दिसेल, अशी अक्षरे साठवण्याची सर्वमान्य पद्धत. आपल्याकडच्या जुन्या प्रश्नपत्रिका, टाचणे, घटक नियोजने ही श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी किंवा डीव्हीबी-टीटी सुरेख अशा फाँटमध्ये टाइप केलेली आहेत. या फाँटांत दिसते मराठी, पण फाइलीच्या आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. तो फाँट नसलेल्या फोनवर फाइल उघडली, की अर्थहीन अक्षरांची रांग दिसते. ड्राइव्हमध्ये शोधले तर असा मजकूर सापडत नाही. गूगल डॉक्समध्ये, म्हणजे ड्राइव्हमधल्या वर्डसारख्या सोयीत, नेला तर फाँटच हरवतो आणि सगळे बिघडते.

तेव्हा फाइल चढवण्याआधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्यासाठी मोफत कन्व्हर्टर मिळतात. जुना फाँट नेमका कोणता, हे आधी वर्डमध्ये मजकूर निवडून पाहा. श्रीलिपीचा मजकूर कृतीदेवच्या कन्व्हर्टरमध्ये घातला तर भलतेच काही बाहेर येते. बदललेला मजकूर मूळ छापील कागदाशेजारी ठेवून वाचा आणि या जागा डोळ्यांत तेल घालून तपासा: रफार चुकीच्या अक्षरावर गेला का, ‘दुसऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र टिकला का, ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर पुढे सरकली का, आणि मधेच आलेले इंग्रजी शब्द किंवा गणिताची चिन्हे मराठी अक्षरांत बदलून गेली का. ही शेवटची चूक फार होते, कारण कन्व्हर्टर सगळ्याच इंग्रजी अक्षरांना जुना फाँट समजतो. गणित आणि इंग्रजीच्या पत्रिका परिच्छेद-परिच्छेदाने बदलाव्यात. यंदाची, अजून न झालेली प्रश्नपत्रिका किंवा मुलांची यादी मात्र अनोळखी संकेतस्थळावरच्या कन्व्हर्टरमध्ये चिकटवू नका.

फाइल नसेल, फक्त छापील कागद असेल, तर त्याचा सरळ, उजेडात फोटो काढून ड्राइव्हवर चढवा. संगणकावर त्या फोटोवर राइट-क्लिक करून ‘ओपन विथ’मधून ‘गूगल डॉक्स’ निवडा. चित्राखाली मजकूर टाइप होऊन येतो, देवनागरीही वाचली जाते. चित्र २ एमबीपर्यंतचे ठेवावे. सलग उतारा चांगला येतो, तक्ते मात्र विस्कटतात, ते पुन्हा काढावे लागतात.

डॉक्समध्ये फाँटच्या यादीत ‘मोर फाँट्स’ उघडून लिपी देवनागरी निवडली की बरेच मराठी फाँट मिळतात. लहान मुलांच्या पत्रिकांना ‘मुक्ता’ चांगला, अक्षर मोकळे आहे. सगळ्या केंद्राने एकच फाँट ठरवावा. आणि ‘पेज सेटअप’मध्ये कागद ए-४ आहे ना, हे लिहायला घेण्यापूर्वीच पाहावे. कागदाचा आकार लेटर असेल, तर झेरॉक्सवाल्याकडे शेवटचा प्रश्न दुसऱ्या पानावर जातो आणि तीस मुलांसाठी तीस पाने जास्त लागतात.

चौथी पायरी : कोणी पाहायचे, कोणी बदलायचे

शेअरची चौकट उघडली की तीन भूमिका दिसतात. ‘व्ह्यूअर’ फक्त वाचतो. ‘कॉमेंटर’ शेरा लिहितो आणि बदल सुचवतो. ‘एडिटर’ थेट बदलतो. खाली आणखी एक निवड असते: ‘रिस्ट्रिक्टेड’ म्हणजे नाव दिलेल्यांनाच, ‘एनीवन विथ द लिंक’ म्हणजे लिंक हाती असलेल्या कोणालाही.

सर्वांना एडिटर करू नका. फोन खिशात असताना बोट लागून अर्धा तक्ता पुसला गेल्याची तक्रार प्रत्येक केंद्रात ऐकू येते. विषयाचे दोघे-तिघे एडिटर, बाकीचे कॉमेंटर. ज्याला सुचवायचे आहे तो सुचवतो, विषयप्रमुख ते एका टिचकीने स्वीकारतो, आणि कोणी काय सुचवले याची नोंद राहते. ज्येष्ठ शिक्षकांनाही हे आवडते. त्यांच्या सूचनेला जागा मिळते आणि काही बिघडेल ही धास्ती राहत नाही. एडिटर केलेल्या माणसाने पुढे आणखी कोणाला आत घेऊ नये असे वाटत असेल, तर चौकटीतल्या सेटिंगच्या चक्रावर टिचकी मारून ‘एडिटर्स कॅन चेंज परमिशन्स अँड शेअर’ समोरची खूण काढा.

एकेका शिक्षकाचा ईमेल पत्ता दर फाइलीला घालत बसणे टिकत नाही. त्यासाठी ‘गूगल ग्रुप्स’मध्ये केंद्रातल्या शिक्षकांचा एक गट करा, सभासद फक्त निमंत्रणानेच होतील असे ठरवा आणि फोल्डर त्या गटाच्या पत्त्याशी शेअर करा. शिक्षक बदलून गेले की नाव एकाच ठिकाणचे काढायचे, नवीन आले की एकाच ठिकाणी घालायचे. या एका गोष्टीने जेवढा त्रास वाचतो, तेवढा दुसऱ्या कशानेच वाचत नाही. पत्ते गोळा करताना मात्र ‘तुमचा ईमेल सांगा’ असे विचारू नका. शिक्षकाला समोर बसवून, त्याच्या फोनमधले ड्राइव्ह उघडून, वरच्या गोल चित्रावर टिचकी मारून तिथे दिसणारा पत्ता लिहून घ्या. अनेकांच्या फोनवर मुलाचे किंवा मिस्टरांचे खाते चालू असते, आणि मग ‘यू नीड अ‍ॅक्सेस’ असा संदेश दिसून माणूस वैतागतो. तो दिसला तर परवानगीची विनंती पाठवण्याआधी खाते बदलून पाहावे.

पाचवी पायरी : लिंक पाठवणे

नुसती निळी लिंक गटात टाकू नका. वर दोन ओळी लिहा: फाइल कशाची, काय करायचे, कधीपर्यंत. उदाहरणार्थ, ‘इ ३ री मराठी, सत्र १ ची पत्रिका. वाचून शेरे फाइलीतच लिहावेत, गटात नको. शुक्रवारी संध्याकाळी ५ ला बंद.’ मुख्य फोल्डरची लिंक गटाच्या वर्णनात घालून ठेवा, म्हणजे महिन्याभराने शिक्षण परिषदेत कोणी विचारले तर जुने संदेश उपसावे लागत नाहीत.

प्रत्येक शिक्षकाला स्वतःची वेगळी प्रत हवी असते तेव्हा, समजा वर्णनात्मक नोंदींचा कोरा तक्ता, एक सुंदर सोय आहे. लिंकच्या शेवटी इंग्रजीत ‘एडिट’ हा शब्द येतो. तो आणि त्यापुढचे सगळे पुसून तिथे इंग्रजीतच ‘कॉपी’ लिहा. ही लिंक उघडणाऱ्याला थेट ‘प्रत करायची का’ असे विचारले जाते, त्याची प्रत त्याच्या ड्राइव्हमध्ये होते आणि मूळ तक्त्याला धक्का लागत नाही.

पीडीएफ वाटायची असेल आणि नंतर तिच्यात दुरुस्ती निघाली, तर नवी फाइल चढवून नवी लिंक देऊ नका. संगणकावर जुन्या पीडीएफवर राइट-क्लिक करून ‘मॅनेज व्हर्जन्स’मधून नवी आवृत्ती चढवा. लिंक तीच राहते, उघडणाऱ्याला दुरुस्त केलेली फाइल दिसते.

एकत्र लिहिण्याची खरी गंमत

तिसरी-चौथीच्या परिसर अभ्यासाला पूरक असा नाशिक जिल्ह्याचा एक संच विचारात घ्या. ब्रह्मगिरीवर उगम पावणाऱ्या गोदावरीबद्दल त्र्यंबकेश्वरच्या शिक्षिका लिहितील. पैठणीचा माग येवल्याच्या शिक्षकांनी रोज पाहिलेला असतो, लासलगावचा कांदा बाजार निफाडच्यांनी. साल्हेर हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला बागलाणच्या शिक्षकांच्या अंगणात आहे. १५ तालुक्यांचा जिल्हा, आणि प्रत्येकाजवळ दुसऱ्याला नसलेली माहिती. हे ईमेलवर जमवायचे तर कोणीतरी एकाने महिनाभर फाइली जोडत बसावे लागेल. एकाच डॉक्समध्ये प्रत्येक तालुक्याचे शीर्षक आधी टाकून ठेवले, तर ज्याने त्याने आपल्या शीर्षकाखाली लिहायचे. शीर्षकांना ‘हेडिंग १’ ही शैली दिली की डावीकडे आपोआप यादी तयार होते आणि फोनवरूनही आपल्या तालुक्यापर्यंत पोचता येते.

याहून मोलाचे काम गूगल शीटमध्ये, म्हणजे एक्सेलसारख्या तक्त्यात, होऊ शकते. सुरगाणा-पेठकडची मुले घरी कोकणा बोलतात, बागलाण-मालेगावकडची अहिराणी. पहिलीच्या वर्गात पाठ्यपुस्तकातला शब्द मुलाला परका असतो. एका स्तंभात पाठ्यपुस्तकातला शब्द, पुढच्यात कोकणा, त्यापुढे अहिराणी, शेवटी कोणत्या गावचा वापर ते, अशी शीट सगळ्यांनी मिळून भरली तर नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला पहिल्याच दिवशी हाताशी काही असेल. इथे पहिला स्तंभ ‘प्रोटेक्ट रेंज’ने बंद करून ठेवा, म्हणजे तो इतरांना बदलता येत नाही. एकाच शब्दाला दोन गावांत दोन रूपे आली तर दोन्ही राहू द्या, वाद शेऱ्यात लिहा.

बिघडले तर घाबरू नका. संगणकावर ‘फाइल’ मेनूत ‘व्हर्जन हिस्टरी’ आहे. कोणी, कधी, काय बदलले ते रंगात दिसते आणि मागची स्थिती परत आणता येते. महत्त्वाच्या टप्प्याला, म्हणजे छापायला देण्याआधी, तिथेच त्या स्थितीला नाव देऊन ठेवा.

नेटवर्क नसलेल्या शाळा

पेठ, सुरगाणा, इगतपुरीच्या घाटाकडच्या अनेक वाड्यांवर नेटवर्क धड मिळत नाही. त्या शिक्षकांना वगळून ठरवलेली रीत केंद्राची म्हणता येणार नाही. ड्राइव्हच्या अ‍ॅपमध्ये फाइलीशेजारच्या तीन टिंबांवर टिचकी मारून ‘मेक अव्हेलेबल ऑफलाइन’ निवडले, की ती फोनमध्ये उतरते. तालुक्याच्या गावी आलात की हे करून घ्या. डॉक्स आणि शीट्सच्या फाइली ऑफलाइन असतानाही लिहिता येतात, नेटवर्क मिळाले की बदल वर जातात. मात्र त्याच ओळी त्याच वेळी दुसरा कोणी बदलत असेल तर मजकूर एकमेकांत मिसळतो, म्हणून अशा शिक्षकांना स्वतंत्र भाग द्या. चित्रे भरलेली जड फाइल असेल तर तिची हलकी पीडीएफही त्याच फोल्डरमध्ये ठेवा. व्हिडिओ ड्राइव्हमध्ये ठेवूच नका. ते यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ करून लिंक फाइलीत द्या, नाहीतर १५ जीबी भरतात. ती जागा जीमेल आणि फोटोंसह सामाईक असते, त्यामुळे ती भरली की त्या खात्यावर ईमेल येणेही थांबते.

काय या वाटेने कधीच पाठवायचे नाही

मुलांचे आधार क्रमांक, बँक खाते, जात, अपंगत्वाची माहिती, पालकांचे फोन नंबर. यांतले काहीही ‘एनीवन विथ द लिंक’ असलेल्या फाइलीत असता कामा नये. ती लिंक एका गटातून दुसऱ्या गटात गेली की तुमच्या हातात काही राहत नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्यात १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे. म्हणजे पहिलीपासून बारावीपर्यंतची आपली जवळजवळ सगळीच मुले त्यात येतात. पण कायदा नसता तरी, पालक आपल्यावर विश्वासून ही माहिती देतात, एवढे कारण पुरेसे आहे. माहिती मागवायचीच असेल तर प्रत्येक शाळेची शीट वेगळी, रिस्ट्रिक्टेड, आणि ती उघडणारे फक्त मुख्याध्यापक व केंद्रप्रमुख. सगळ्या शाळांची एकच शीट करून ‘आपापली ओळ भरा’ म्हणणे सोयीचे वाटते, पण त्यात प्रत्येक शाळेला दुसऱ्या शाळेतली मुले दिसतात.

होणाऱ्या परीक्षेची पत्रिकाही रिस्ट्रिक्टेडच हवी. तयार करणाऱ्यांखेरीज ती कोणालाही दिसू नये. व्ह्यूअरसाठी डाउनलोड आणि प्रिंट बंद करता येते, पण स्क्रीनचा फोटो कोणीही काढू शकतो, त्यामुळे त्या खुणेवर विसंबू नका. परीक्षा झाली की मग ती सगळ्यांना खुली करा.

पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ आपल्या फोल्डरमध्ये चढवू नयेत. बालभारतीच्या संकेतस्थळाची लिंक द्यावी. हक्क त्यांचे आहेत, आणि पुस्तक बदलले तर आपल्याकडे जुनेच पडून राहते.

एप्रिल-मेमध्ये करायची कामे

निकाल लागल्यावर, बदल्यांचे आदेश निघण्याआधी, एक दुपार काढा. केंद्र-खात्यातून मुख्य फोल्डर उघडा, फाइलींची यादी ‘ओनर’ या स्तंभासह पाहा. केंद्राखेरीज ज्यांची नावे दिसतील त्यांना तिथल्या तिथे फोन करून मालकी हस्तांतर करून घ्या. कोणी निवृत्त होत असेल तर त्यांच्याकडून आधी. सेवेत असताना माणूस भेटतो, नंतर शोधावे लागते. उघड्या लिंक तपासा आणि ज्यांचे काम संपले त्या रिस्ट्रिक्टेड करा. मुलांच्या माहितीच्या शीट पुढच्या वर्षी लागणार नसतील तर पुसा आणि ट्रॅशही रिकामा करा. वर्षाचे फोल्डर जसेच्या तसे ठेवून नव्या वर्षाचे कोरे काढा, आणि गूगल ग्रुपमधून बदलून गेलेल्यांची नावे काढा. त्यांना जुने टाचण हवे असेल तर प्रत करून घ्यायला जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मुदत द्यावी.